थोडक्यावर एकमत

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कुणाचा जीव सी++वर असेल, कुणाचा पायथनवर, कुणाचा रस्टवर. त्यावरून कँटीनमध्ये भांडणंही झाली असतील. पण ब्राउझरच्या आत १९९५ पासून दोन दशकं चालली ती ब्रेंडन आइक यांची जावास्क्रिप्टच. ही सद्दी मोडायला गूगलने नेटिव्ह क्लायंट आणला. तो क्रोमपुरता राहिला. मोझिलाने २०१३ मध्ये एएसएम.जेएस काढलं, तीही जावास्क्रिप्टचीच छाटलेली पोटभाषा.

अखेर २०१५ मध्ये मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल हे एकमेकांचे स्पर्धक एका मसुद्यासाठी एकत्र बसले. त्यातून वेबअसेंब्ली आली: निरनिराळ्या भाषांतला कोड ज्यात उतरवून ब्राउझरमध्ये चालवता येतो, असं एक सामाईक रूप. २०१७ सरेपर्यंत ती चौघांच्याही ब्राउझरांत चालू लागली आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेने तिला अधिकृत मानक केलं.

यांचं जमलं कसं? त्यांनी फार थोडं ठरवलं. पहिल्या आवृत्तीत आकड्यांचे प्रकार चारच: ३२ आणि ६४ बिटांचे पूर्णांक, आणि त्याच दोन मापांचे अपूर्णांक. अक्षरं, याद्या, वस्तू कशा मांडायच्या, हे ज्या त्या भाषेने बघावं. मात्र तपासणीत सूट नाही. आपल्या डेअरीत दूध कुणाच्या गोठ्यातलं, हे न बघता फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) लावतात. तसा ब्राउझरही कोड कुठल्या भाषेतून आला हे न विचारता, चालवण्याआधी तो नियमात बसतो का ते तपासतो. शिवाय कोडला स्वतःची स्मृती आखून दिलेली असते. दिल्याशिवाय बाहेरचं काहीही त्याच्या हाती लागत नाही.

म्हणून आराखडे काढण्याचं १९८२ पासूनचं ऑटोकॅड २०१८ मध्ये आपला जुना सी++ कोड घेऊन ब्राउझरमध्ये आलं. त्याच वर्षी पायोडाइड या प्रकल्पामुळे पायथनही तिथे पोचली. जावास्क्रिप्टही जागेवरच आहे. पानावरचं बटण हलवायला आजही बहुधा तिच्याच मार्फत जावं लागतं.

हा धडा आपल्याला परका नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या ‘इस्की’ मानकात देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ या सगळ्या लिप्यांच्या ‘क’ला एकच क्रमांक होता. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रातून ते मानक संगणकांवर रुजवलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याआधीच्या, १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही चाकण-हिंजवडीला जाल किंवा इथे संगमनेरातच काही उभं कराल. तिथे कुणाची भाषा श्रेष्ठ, यावर वेळ घालवू नका. कशावर एकमत झाल्याशिवाय काम अडतं, तेवढंच शोधा; बाकीचं मोकळं सोडा. वेबअसेंब्लीचे मसुदे आणि त्यांवरच्या चर्चा सगळ्यांना खुल्या आहेत. ते वाचा, चाचण्या लिहा, चूक दिसली तर कळवा. तिथे तुमचं कॉलेज कोणतं, हे कुणी विचारणार नाही. मुद्दा पटतो का, एवढंच बघतील.

पदवीबद्दल मनापासून अभिनंदन. आता कामाला लागा.