‘नीट बस’ म्हणण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून मुलांच्या बसण्या-उठण्याविषयी चार शब्द सांगते. विषय साधा दिसतो, पण त्यापायी घराघरांत रोज रडारड होते.

मुलांना वळण लावणे हे आपले कामच आहे. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण काही मुले सांगून, रागावून, धपाटा घालूनही तशीच बसतात. कोणी खुर्चीवर उकिडवे बसते, कोणी दोन्ही पाय मागे मुडपून मध्ये फतकल मारते, कोणी जेवताना उभेच राहते, कोणी सदा चवड्यावर चालते. ही सारी मुले हट्टी असतात काय?

वीज गेली तरी आपला घास तोंडातच जातो, नाकात जात नाही. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, ही खबर स्नायू आणि सांधे मेंदूला सतत देत असतात. तोल सांभाळण्याची खबर कानाच्या आतल्या भागातून येते. काही मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते. त्यांना ही खबर कधी अपुरी पडते, कधी नकोशी होते. मग ती पाय अंगाखाली दाबून घेतात, डुलतात, उभी राहतात. त्यामुळे त्यांना स्वस्थ वाटते, असे जाणकार मानतात. ज्यांचे चित्त एका जागी ठरत नाही, अशा काही मुलांचे लक्ष हालचाल केल्याने उलट अधिक लागते.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या बाई 1947 साली जन्मल्या. त्यांना स्वमग्नता आहे. अंगावर सगळीकडून दाब पडला की मन शांत होते, हे ओळखून त्यांनी तरुणपणीच स्वतःसाठी तसा लाकडी खोका बनवला. पुढे त्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

आता आपल्यातलेच सांगते. माझ्या नणंदेची मुलगी नऊ वर्षांची आहे. पाचवे सरले तरी तिची टाच जमिनीला टेकेना. शाळेत बाकावर पाय पोटाशी घेऊन बसे. एका बाईंनी तिला पाय खाली सोडून, हाताची घडी घालून बसायला लावले. ती बसे, पण सारा जीव बसण्यातच जाई, आणि फळ्यावरचे एक अक्षर वहीत उतरत नसे. पुढे शाळेचे नाव काढले की तिला ओकारी येऊ लागली. शेवटी सरकारी इस्पितळात नेले. डॉक्टरांनी आधी टाचेची शीर आखडली आहे काय ते पाहिले. मग तिचे बोलणे, खेळणे, मिसळणे दोन-तीन खेपा तपासून स्वमग्नता असल्याचे सांगितले. नुसत्या चालीवरून नव्हे, हे ध्यानात ठेवा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “उद्या पाहुण्यांपुढे अशी बसली तर?” नणंद म्हणाली, “आई, आधी ती शाळेत तर बसू दे!” आताच्या बाई तिला मागच्या बाकाशी उभे राहून लिहू देतात. गेल्या सहामाहीला तिने भाषेचा पेपर पुरा लिहिला.

म्हणून भगिनींनो, उगीच घाबरूही नका. नुकती चालू लागलेली पुष्कळ मुले चवड्यावर चालतात आणि दोन-तीन वर्षांची होईतो आपोआप सुधारतात. पाय मागे टाकून बसण्याची खोडही बहुधा वाढत्या वयात जाते. पण तिसऱ्या वर्षानंतरही चवड्यावर चालणे चालूच राहिले, तर डॉक्टरांना जरूर दाखवा; कारण स्नायूंच्या दुखण्यातही तसे होते. मूल हाकेला वळून पाहत नाही, नजर देत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, असे असेल तर मुळीच थांबू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा ठरवलेली आहे. तिथे विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारमान्य शाळेने अशा मुलाला योग्य ती सोय द्यावी, असे तो कायदा सांगतो.

मुलींकडे विशेष लक्ष द्या. त्यांना लहानपणापासून अंग चोरून बसायला शिकवतात. त्यामुळे त्यांची अडचण झाकली जाते आणि पुष्कळदा फार उशिरा कळते.

शेवटी एकच विनंती. मंडळाच्या हळदीकुंकवाला एखादीचे मूल पाटावर न बसता उभ्यानेच लाडू खाऊ लागले, तर “वळण नाही हो!” असे कोणी म्हणू नये. त्या आईने ते घरी शंभरदा ऐकलेले असते. त्याला खाऊ द्यावे, आणि तिला आपल्याशेजारी बसवून घ्यावे.