धर्मांची ओळख : पहिल्या वर्षाच्या वर्गात

(महाविद्यालयीन अध्यापकांच्या एका शिबिरात दिलेले व्याख्यान)



धर्मांच्या अभ्यासावर बोलण्यासाठी तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाऐवजी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाला तुम्ही पाचारण केलेत, याचे प्रथम मला नवल वाटले. परंतु तुमच्या अभ्यासक्रमाचा आराखडा वाचल्यावर या विषयात अर्थशास्त्राच्या माणसालाही काही सांगण्यासारखे आहे, असे माझे मत झाले.

पदवीच्या पहिल्या वर्षाला जगातील प्रमुख धर्मांची ओळख करून देणारा एक छोटा अभ्यासक्रम असावा, या तुमच्या प्रस्तावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा वाद आहे तो आराखड्याशी. आठ धर्म आणि आठ प्रकरणे. प्रत्येक प्रकरणात संस्थापक, धर्मग्रंथ, मुख्य शिकवण आणि सण. आणि अखेरीस, सर्व धर्मांचे सार एकच आहे, हा आधीच ठरलेला निष्कर्ष. हे सारे पाठ करून विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. पण त्याच्याच बाकावर बसणारा मुलगा रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा थेंब का घेत नाही, किंवा एखादी मुलगी गणपतीच्या वर्गणीची पावती का फाडत नाही, हे त्याला कळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, हे आपल्याला कळलेले नाही, याचीही जाणीव त्याला होणार नाही.

अनेक प्राचार्यांच्या मनात या विषयाबद्दल एक कायदेशीर भीती असते, तिचा निकाल आधी लावू. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. परंतु घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हाच डॉ. आंबेडकरांनी धर्ममतांची शिकवण आणि धर्माचा अभ्यास यांतला भेद स्पष्ट केला होता. पुढे १९७१ साली, गुरू नानकांच्या जीवनाचा व विचारांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि २००२ सालच्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयीच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही, असेच म्हटले. तेव्हा प्रश्न परवानगीचा उरलेला नाही. प्रश्न आहे तो शिकवायचे काय, हा.

याबाबतीत आपल्या आयोगांनीच एक सवय लावून ठेवली आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली सुचविले की, पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील सर्वमान्य उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न शिकवावेत. हेतू उदात्त होता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. पण चरित्रांची ती यादी पाहा : बुद्ध, कन्फ्यूशियस, जरथुष्ट्र, सॉक्रेटिस, येशू, शंकर, रामानुज, मध्व, महंमद, कबीर, नानक, गांधी. तीत महावीर नाहीत, आणि एकही स्त्री नाही. मीराबाई नाही, बसऱ्याची राबिया नाही, मग आपल्या जनाबाईची गोष्टच सोडा. यादी केली की असे होणारच. उद्या तुम्ही बारांची बावीस केलीत तरी कोणीतरी बाहेर राहील आणि त्याचा मोर्चा महाविद्यालयावर येईल. पुढे कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत रास्त भेद केला, पण सर्व धर्मांत जे समान आहे त्यावर भर देण्याची वृत्ती कायम राहिली. माणसे भांडतात ती मात्र जे समान नाही त्यावरून.

म्हणून माझी सूचना अशी की, धर्मांची यादी सोडून द्यावी आणि माणसाच्या आयुष्यातला एखादा अवघड प्रश्न हाती घ्यावा. मृत्यू घ्या, अन्न घ्या, विवाह घ्या. मी माझ्या विषयाला जवळचा म्हणून कर्जाचा आणि व्याजाचा प्रश्न घेतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर सांगितले आहेत. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. म्हणजे जो अधिक दुबळा त्याच्यावर बोजा अधिक. आजच्या सावकारी अर्थशास्त्राला हे मुळीच अपरिचित नाही. फक्त आज त्याला वर्ण न म्हणता जोखीम म्हणतात. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात, आपल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये, परक्याकडून घेतले तर चालेल, असा नियम आहे. तेव्हा बांधव कोण आणि परका कोण, हाच खरा धर्मप्रश्न ठरतो. कुराणाने व्यापार वैध ठरविला आणि रिबा निषिद्ध मानला. बौद्ध परंपरेने आणखी वेगळी वाट धरली : गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्त असण्याचे सुख मोजले आणि ज्याच्यावर कर्ज आहे त्याला ते फिटेपर्यंत संघात प्रवेश नाकारला. विरक्तीचा मार्गदेखील सावकाराचे देणे चुकवून जाता येत नाही, हा विचार मला फार अर्थपूर्ण वाटतो.

पण वर्गाने येथे थांबता कामा नये. ग्रंथात काय लिहिले आहे याच्या पुढे जाऊन माणसांनी त्याचे काय केले, हे पाहिले पाहिजे. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारले. त्यानंतर चारशे वर्षांच्या आत त्याच ख्रिस्ती जगात कॅल्व्हिनने माफक व्याजाला मोकळीक दिली, आणि टॉनीसारख्या समाजवादी इतिहासकाराने १९२६ साली, धर्म आणि भांडवलशाहीचा उदय या विषयावर जो ग्रंथ लिहिला, तो अशाच स्थित्यंतराचा शोध घेण्यासाठी. इस्लाममध्येही वाद मिटलेला नाही. १९७५ साली दुबईत इस्लामी बँक निघाली. अशा बँका पैसा व्याजाने देत नाहीत. वस्तू स्वतः विकत घेऊन ग्राहकाला चढ्या किमतीत हप्त्यांनी विकतात. हा खरोखर व्यापार आहे की व्याजाला घातलेला अंगरखा, यावर मुसलमान पंडितांतच कडाक्याचे मतभेद आहेत. १९८९ साली तर इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक-पत्रांवरचा ठराविक परतावा वैध ठरविला आणि मोठे वादळ उठले. हे ऐकल्यावर ‘मुसलमान असे मानतात’ या शब्दांनी वाक्य सुरू करताना विद्यार्थी क्षणभर अडखळेल. तेवढे अडखळणे मला पुरे आहे.

आणि मग त्याला महाराष्ट्रात आणावे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तो प्रामुख्याने रोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. एका कृतीला आपण भक्ती म्हणतो आणि दुसरीला दंगा. कागद मात्र एकाच जातीचा होता. यात धर्म कोठे आहे आणि अर्थकारण कोठे, हे वर्गातल्या मुलांना ठरवू द्यावे.

यावर काही मित्र म्हणतील, तुम्ही धर्माचे सावकारीत रूपांतर केलेत, श्रद्धेचे काय? आक्षेप गंभीर आहे. प्रार्थनेने माणसाला मिळणारा धीर ताळेबंदात बसत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच कर्जाबरोबर मृत्यूचाही प्रश्न घ्या, असे मी म्हणतो. परंतु श्रद्धेबद्दल हळुवारपणे बोलायचे आणि तिच्या नावाने चाललेल्या व्यवहाराबद्दल मौन पाळायचे, हा सौजन्याचा करार विद्येला परवडणारा नाही.

त्या मौनाची किंमत कोण देतो ते पाहा. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाखांच्या वर गेली. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आहे. तुमच्या आराखड्यात बौद्ध धर्माचे प्रकरण चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांवर संपते. लाखो माणसे एक धर्म सोडून दुसऱ्यात का गेली, त्यांनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत काय होते, हे त्यात येत नाही. कारण ते आले तर ‘सर्व धर्म समता शिकवितात’ हे पहिल्या प्रकरणातले वाक्य उभे राहत नाही. वर्गात बसलेल्या बौद्ध मुलीला हे वगळणे तत्काळ कळते. आपल्या आजोबांचा निर्णय येथे उच्चारण्याजोगा मानलेला नाही, एवढा एकच धडा ती त्या प्रकरणातून शिकते.

जोतीराव फुले याबाबतीत आपल्या सर्वांच्या पुढे होते. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी अशा एका कुटुंबाची कल्पना मांडली की, ज्यातील स्त्री बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सगळे एका घरात प्रेमाने नांदतील. यात सार एकच असल्याची भाषा नाही. प्रत्येकाने वाचावे, पारखावे आणि आपले ठरवावे, आणि तरीही एका छपराखाली राहावे, ही अट आहे. ही अट ‘सर्वधर्मसमभाव’ या शब्दापेक्षा कठीण आहे.

आता शिकवायचे कोणी? नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर भारतीय ज्ञानप्रणाली आणि मूल्यशिक्षण हे विषय दोन-दोन श्रेयांकांचे होऊन पहिल्या वर्षात आले आहेत. त्यांत काय येते हे अखेर अध्यापकावर अवलंबून आहे. ‘भारतीय’ या शब्दात श्रीगोंद्याचे शेख महंमद, राचोलला १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’, शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले बेने इस्राएल येतात की नाहीत, ही गोष्ट मोजून पाहण्यासारखी आहे. जगातले धर्म दाखवायला आपल्याला जगभर फिरावे लागत नाही. मराठीतच ते नांदत आलेले आहेत. वर्ग एखाद्या मशिदीत, विहारात, चर्चमध्ये जरूर न्यावा. अग्यारीत अन्यधर्मीयाला प्रवेश नाही. तेथे दारातूनच परत यावे आणि तो नियम का आहे, यावर पुढचा तास घ्यावा.

शेवटी परीक्षेविषयी, कारण अभ्यासक्रमाचे खरे स्वरूप प्रश्नपत्रिकाच ठरविते. संस्थापकांची नावे आणि जोड्या जुळवा काढून टाका. एकच अनिवार्य प्रश्न ठेवा, वीस गुणांचा : ‘तुमचा नसलेल्या कोणत्याही एका धर्मातील एका वादाच्या दोन्ही बाजू अशा शब्दांत मांडा की, त्या-त्या बाजूच्या माणसाने वाचून, हे माझेच म्हणणे आहे, असे म्हणावे.’ आणि या उत्तरांतील काही तरी, शक्य असेल तेथे, त्या धर्माच्या जाणत्या स्त्रीपुरुषांना वाचायला द्यावीत. त्यांनी गुण देऊ नयेत. समासात फक्त, कोठे आपले म्हणणे नीट आलेले नाही, तेवढे लिहावे. तपासणीच्या मानधनाचा प्रश्न निघेल, तो विद्यापीठाकडे मांडण्याची जबाबदारी मी घेतो.