स्वस्त परदेशी रायफल : ही स्वस्ताई आली कोठून?

आजचा विषय ऐकून पुष्कळांना वाटेल कीं, शिकारीच्या रायफलीशीं मराठी कुटुंबाचा काय संबंध? आपल्या देशांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांचें प्रकरणच संपविलें. तेव्हां येथल्या घरांत हा प्रश्न उठत नाहीं. परंतु आपले मुलगे, पुतणे, भाचे आज अमेरिकेंत टेक्सास, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा प्रांतांत राहतात. तेथें शरद ऋतूंतील हरणाची शिकार हा कायद्यानें बांधलेला, ठरावीक हंगामाचा व्यवहार आहे. शेजारी शिकारीस निघतो, बरोबर बोलावतो, आणि मग तिकडून विचारणा येते कीं, एक परदेशी बनावटीची रायफल स्वस्तांत मिळते आहे, घ्यावी काय? शिकार करावी कीं न करावी, हा विवेक ज्याचा त्यानें करावा. मी आज बोलणार आहें तो केवळ खरेदीविषयीं.

माझें म्हणणें थोडक्यांत सांगतों. रायफलीची किंमत किती, हें विचारण्याबरोबरच ती कमी कां, हें विचारलें पाहिजे. कोणतीहि वस्तु स्वस्त होते ती कांहीं तरी कारणानें. आणि तें कारण समजलें म्हणजे ती घ्यावी कीं सोडावी, हें बहुधा आपोआप ठरतें.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणजे जिचें मागचें तोंड एका पोलादी अडसरानें बंद होतें अशी रायफल. हा अडसर, म्हणजे बोल्ट, हातानें पुढें ढकलला कीं काडतूस नळीतील आपल्या घरांत जातें; मूठ खालीं वळविली कीं बोल्टाचे दोन भक्कम कान चौकटींतील खांचांत अडकतात. दाराची कडी कोयंड्यांत बसावी तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, या दारावर पडणारा रेटा भयंकर असतो. १९५२ पासून प्रचारांत असलेल्या '.३०८ विंचेस्टर' या काडतुसासाठीं अमेरिकेंत दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६२,००० पौंड धरलेली आहे. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब तीस-पस्तीस पौंडांच्या आसपास असतो, हें लक्षांत आणा. आणि नेम धरणाराचा गाल त्या अडसरापासून वीतभरहि दूर नसतो! म्हणून रायफलींत कोठेंहि काटकसर चालेल, पण या कडीकोयंड्यांत चालणार नाहीं.

या रचनेचा मोठा शिल्पकार जर्मनींतील ओबर्नडॉर्फ गांवचा पाउल माउझर. त्याची १८९८ सालची रायफल जर्मन सैन्यानें स्वीकारली. पुढच्या दोन कानांखेरीज मागें एक तिसरा कान त्यानें राखीव ठेवला. काडतूस फुटलेंच तर तप्त वायु नेमबाजाच्या डोळ्यांत न जातां दुसरीकडून निघावा म्हणून वाटा ठेवल्या. अमेरिकेनें आपली १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल बनवितांना माउझरच्या कल्पना उचलल्या आणि त्याबद्दल त्याच्या कंपनीस मोबदला द्यावा लागला. आज शिकारीसाठीं विकल्या जाणाऱ्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफलींच्या अंगीं या घराण्याचें रक्त आहे.

आतां स्वस्ताईचीं कारणें घेऊं. माझ्या मतें तीं मुख्यतः तीन.

पहिलें कारण, संपलेल्या युद्धांची शिल्लक. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांनीं आपोआप भरणाऱ्या बंदुका घेतल्या आणि लाखों बोल्ट-ॲक्शन रायफली कोठारांत पडून राहिल्या. अमेरिकन व्यापाऱ्यांनीं त्या घाऊक विकत आणल्या. सॅम्युएल कमिंग्स यांची १९५३ सालीं निघालेली पेढी, जी पुढें इंटरआर्म्स या नांवानें ओळखली गेली, ती यांत अग्रेसर होती. त्या काळीं अशी रायफल टपालानें घरपोंच मिळे. १९६३ च्या मार्च महिन्यांत ली हार्वे ऑस्वाल्ड यानें शिकागोच्या एका दुकानांतून खोट्या नांवानें इटालियन कार्कानो रायफल मागविली. दुर्बिणीसकट तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला तो त्या रायफलीनें, असा वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे. १९६८ च्या कायद्यानें ही टपाली विक्री बंद केली आणि लष्करी शिलकीच्या आयातीचें दारहि लावून घेतलें. १९८४ मध्यें तें दार जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरतें किलकिलें झालें. मग रशियाची मोसिन-नागां, युगोस्लाव्हियाची माउझर, इतकेंच काय पण आपल्या बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत घडलेल्या ली-एनफील्डहि अमेरिकन दुकानांत दिसूं लागल्या. या शतकाच्या पहिल्या दशकांत मोसिन-नागां शंभर डॉलरांच्या आंत मिळे. आज तो भाव राहिलेला नाहीं.

अशा जुन्या रायफलींत पाहावयाचें काय? पहिली गोष्ट, नळीची पोकळी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळींत उरतो, हवेंतील ओल ओढतो आणि लोखंड खातो. नळी पाण्यानें धुऊन मग तेल न दिल्यास आंतले आटे खड्ड्यांनीं भरतात. दुसरी गोष्ट, बोल्ट त्याच रायफलीचा आहे काय? दोहोंवरील क्रमांक जुळवून पाहावे. ते जुळोत वा न जुळोत, बोल्टाचें तोंड व काडतुसाची बैठक यांमधील अंतर बंदुकीच्या जाणत्या कारागिराकडून मापानें तपासून घ्यावें. हें अंतर वाढलेलें असेल तर काडतुसाचें पितळ फाटून वायु मागें येतो. तिसरी गोष्ट, काडतूस कोणतें? १८९३ वा १८९६ च्या माउझरला तो तिसरा राखीव कान नाहीं. तिच्यांत जोरकस नवें काडतूस घालणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाला दुप्पट ओझें घालणें होय. आठ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाचें उदाहरण तर बोलकें आहे. १८८८ च्या जुन्या जर्मन रायफलीची नळी किंचित् अरुंद होती. ती कोणाच्या हातीं असेल या भयानें अमेरिकन संस्थेनें या काडतुसाच्या दाबाची मर्यादा ३५,००० पौंडांवरच ठेवली आहे.

शिवाय लष्करी रायफलीवर दुर्बीण बसवूं गेलें तर सरळ उभी मूठ तिला अडते, माउझरचा सुरक्षेचा खटका अडतो, चौकटीला भोंकें पाडावीं लागतात. ही कारागिरी करवूं जातां खर्च नव्या रायफलीइतका होतो. काडतुसांचेंहि तसेंच. रशियन काडतुसें स्वस्त होतीं तोंवर रशियन रायफल परवडे. २०२१ मध्यें अमेरिकन सरकारनें त्यांच्या आयातीचे नवे परवाने नाकारण्याचें ठरविलें आणि तो आधार सुटला. म्हणून संग्राहकानें ही वस्तु आवडीनें घ्यावी. पहिल्यानेंच शिकारीस जाणारानें तिच्या वाटेस जाऊं नये.

दुसरें कारण, उत्पादनाचें ठिकाण. सर्बियांत क्रागुयेव्हाट्स येथें झास्ताव्हा नांवाचा कारखाना आहे. त्याची परंपरा १८५३ सालच्या तोफांच्या ओतशाळेपासूनची. त्याची 'एम ७०' ही शिकारी रायफल माउझरच्याच ९८ च्या धर्तीवर आहे. आराखडा जुना, त्याचा खर्च कधींच फिटलेला, मजुरी कमी आणि नकशीकाम बेताचें. म्हणून ती स्वस्त. ही स्वस्ताई प्रामाणिक आहे. बोल्ट सुरुवातीस खरखरीत सरकेल, लांकडाला झिलई कमी असेल. पण कडीकोयंडा माउझरचाच. मात्र येथें एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्यां एखादा भाग मोडला तर दाद कोणाकडे मागावयाची? अमेरिकन कायद्यानें आयात करणाऱ्या पेढीचें नांव व गांव रायफलीवर कोरावें लागतें. तें वाचावें, आणि ती पेढी आज चालू आहे काय, याची चौकशी करावी. हीच सर्बियन रायफल पूर्वीं इंटरआर्म्स 'मार्क टेन' या नांवानें विके. कमिंग्स १९९८ सालीं निवर्तले आणि पुढें ती पेढीहि मिटली. नळीवरचें नांव उरलें, पण त्याच्यामागें उभें राहणारें कोणी उरलें नाहीं. जुना माल घेणारानें हें ध्यानांत ठेवावें.

तिसरें कारण मला सर्वांत समाधानकारक वाटतें, आणि तें म्हणजे घडणींतील शहाणपण. फिनलंडांत रिहिमाकी येथें साको कारखाना आहे. त्याच्या महागड्या रायफली प्रसिद्धच आहेत; पण २००३ मध्यें त्यानें 'टिक्का टी-३' ही साधी रायफल काढली. लहान व लांब काडतुसांसाठीं चौकट एकाच लांबीची, दस्ता व काडतुसांची पेटी कृत्रिम द्रव्याची, नकशी नाहीं. काटकसर केली ती अशा ठिकाणीं. नळी मात्र थंड पोलादावर हातोड्यांचे घाव घालून, साकोच्याच रीतीनें घडविलेली. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ मुलुखांत गस्त घालणारे रेंजर १९४७ पासून ली-एनफील्ड वापरीत. ती बदलण्याची वेळ आली तेव्हां जी नवी रायफल निवडली गेली ती टिक्काच्याच घडणीची आहे. जपानांत नागोयाजवळचा होवा कारखानाहि असाच. त्याच्या रायफली अमेरिकेंत वेदर्बी, स्मिथ अँड वेसन अशा परक्या नांवांनींहि विकल्या गेल्या आहेत. एकाच कारखान्याची वस्तु. नांव बदललें कीं भाव बदलतो!

तथापि 'परदेशी' हा शब्द कांहीं गुणवाचक नव्हे. अमेरिकेंतील रुगर व सॅव्हेज हे कारखाने आज फार स्वस्त रायफली देतात. आणि आयात-कर वाढला कीं परदेशी मालाचा फायदा एका रात्रींत नाहींसा होतो. दोन्ही हातांत धरून, खांद्याला लावून पाहाव्या आणि मग ठरवावें.

आतां किती अचूकता पुरे? शंभर यार्डांवर दोन इंचांच्या वर्तुळांत गोळ्या टाकणारी रायफल दोनशे यार्डांवर सुमारें चार इंचांत टाकील. हरणाचें हृदय व फुफ्फुसें यांची जागा साधारण आठ इंची ताटलीएवढी मानतात. म्हणजे साध्या रायफलीची अचूकता पुरून उरते. कमी पडतो तो बहुधा माणसाचा हात. म्हणून रायफलींत वाचलेला पैसा चांगल्या दुर्बिणींत आणि सरावाच्या काडतुसांत घालावा. काडतूसहि असें निवडावें कीं, जें आडगांवच्या दुकानांतहि मिळेल. अर्धवट लागलेली गोळी घेऊन एखादें जनावर झाडींत दिवसभर तडफडत राहावें, यासारखी दुसरी नामुष्की शिकाऱ्याला नाहीं. आणि ती टळते सरावानें, किंमतीनें नव्हे.

शेवटीं कायद्याविषयीं. अमेरिकेंत दुकानांतून रायफल घेतांना '४४७३' क्रमांकाचा नमुना सहीनिशीं भरावा लागतो आणि १९९८ पासून ग्राहकाची पूर्वपीठिका तत्काळ तपासली जाते. आपल्या मुलांनीं विशेष लक्षांत ठेवावें तें पुढेंच आहे. विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसास तेथें बंदूक वा काडतूस जवळ बाळगणेंच मना आहे. वैध शिकार-परवाना असल्यास यास अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकास ही बंदी लागू नाहीं. प्रांतोप्रांतीचे नियम आणखी निराळे. म्हणून जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून पैसे मोजूं नयेत. आणि 'मामाचें नांव घाल, पैसे मी देतों' हा आपला घरगुती मार्ग तेथें मुळींच चालत नाहीं. दुसऱ्यासाठीं आपल्या नांवावर बंदूक घेणें हा गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्यानें त्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. चार पैसे वांचविण्याच्या सोयीपायीं तेथला रहिवास, नोकरी, सारेंच धोक्यांत यावयाचें.

घरांत लहान मुलें असतील तर एक सोपी गोष्ट करावी. या जातीच्या रायफलीचा बोल्ट सहज बाहेर काढतां येतो. बोल्ट एका कुलुपांत, रायफल दुसऱ्या कुलुपांत आणि काडतुसें तिसऱ्या ठिकाणीं ठेवावीं. या व्यवस्थेला फारसा खर्च येत नाहीं.

तेव्हां तिकडून पुन्हा विचारणा आली, तर श्रोतेहो, आपण एवढेंच उलट विचारावें : ही रायफल स्वस्त झाली ती नकशी वगळल्यामुळें, कीं नळी झिजल्यामुळें? तिच्यामागें आज कोणती पेढी उभी आहे? आणि ती ज्याच्या हातीं राहणार, त्याच्याच नांवावर घेतली जात आहे ना? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सरळ मिळालीं तर ती खुशाल घ्यावी. एकाचेंहि उत्तर अडखळत आलें, तर ती फुकट मिळाली तरी महागच पडेल.