गलाईची भट्टी आणि चांदीचे सूक्ष्मकण



जंतूंना मारणारे चांदीचे सूक्ष्मकण म्हटले, की ही दूरच्या प्रयोगशाळेतली गोष्ट असे आपणांस वाटेल. पण तिची अर्धी विद्या आपल्या माण-खटावात आणि सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीत नांदते आहे. दुष्काळामुळे घराबाहेर पडलेली तिकडची माणसे देशभर गलाईचा धंदा करतात. मोडीची चांदी नत्राम्लात विरघळवावी, ती दिसेनाशी होते. त्यात तांब्याची पट्टी सोडावी, की तांबे विरघळू लागते आणि चांदी राखाडी भुकटी होऊन तळाशी बसते.

सूक्ष्मकण करताना घडते ते हेच. मात्र येथे कण वाढू द्यावयाचा नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी तांब्याऐवजी कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क वापरला. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. अर्कातील द्रव्ये चांदीला पुन्हा धातुरूप देतात आणि कणांभोवती वेष्टन घालून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. द्रव पिवळसर तपकिरी होऊ लागला, की कण बनत आहेत अशी पहिली खूण पटते. चांदी, आणि पिवळी! हे कण निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून तसे दिसते.

एवढे बारीक कशासाठी? हिशेब करून पाहा. दहा ग्रॅम चांदीच्या चौकोनी ठोकळ्याचा पृष्ठभाग जेमतेम सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तिचेच वीस नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढे, कण केले तर तो सुमारे २८५ चौरस मीटर होतो; एखाद्या वाड्याच्या आवाराएवढा! या पृष्ठभागावरून चांदीचे विद्युतभारित आयन हळूहळू सुटतात, जंतूच्या प्रथिनांतील गंधकाला जाऊन चिकटतात आणि त्याचे आवरण फोडतात.

जखमेच्या पट्टीत, पाण्याच्या गाळणीत या गुणाचा उपयोग होतो, तो अवश्य व्हावा. परंतु ‘चांदीचे पाणी’ शक्तिवर्धक म्हणून विकतात, ते पिऊ नये हे मी स्पष्टच सांगतो. फार दिवस पोटात गेलेल्या चांदीने कातडी निळसर-करडी होते, आणि तो रंग सहसा जात नाही. शिवाय जंतूही शिकतात. १९७५ साली अमेरिकेतील एका इस्पितळात, भाजलेल्यांच्या विभागात, चांदीला न जुमानणारे जंतू आढळले होते. मोज्यांना वास येऊ नये म्हणूनही हल्ली चांदी वापरतात. धुताना ती सांडपाण्यात उतरते, आणि घाण पचविणाऱ्या उपयुक्त जंतूंनाही ती ओळखत नाही.