वातरक्त आणि आपले ताट



ज्याला डॉक्टर गाउट म्हणतात, त्याच्याशी पुष्कळसे जुळणारे वर्णन चरकसंहितेत वातरक्त या नावाने आले आहे. या वातरक्तालाच तेथे 'आढ्यवात' असेही नाव आहे. आढ्य म्हणजे धनिक. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा आजार मानला जाई. या नावामुळे एक समजूत रूढ झाली, ती अशी की, हा रोग म्हणजे जिभेच्या चोचल्यांची शिक्षा. आज मला याच समजुतीविषयी बोलायचे आहे; कारण तिच्यापायी अनेक घरांत म्हाताऱ्या माणसाच्या ताटातली डाळ काढून घेतली जाते.

प्रथम हा रोग होतो कसा ते पाहू. शरीरातील पेशी झिजतात, नव्या होतात. त्यांतील प्युरीन नावाच्या द्रव्यापासून यूरिक आम्ल तयार होते. यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीराचा स्वतःचा असतो. उरलेला अन्नातून येतो. हे आम्ल मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. बहुतेक रोग्यांत दोष असतो तो या निचऱ्यात, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. 100 मिलिलिटर रक्तात 6.8 मिलिग्रॅमच्या वर आम्ल साठले की त्याचे सुईसारखे स्फटिक होऊ लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड. म्हणून बहुधा तेथेच पहिला घाव बसतो. रात्री अंगठा सुजून लाल होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

मग पथ्य कशाचे करावे? मद्य, त्यातही बिअर, वर्ज्य करावी. कलेजी, गुर्दा, भेजा टाळावा. तारली, मांदेली यांसारखी मासळी आणि मटण बेताने घ्यावे. बाटलीबंद गोड पेयेही टाळावीत. फळशर्करेने यूरिक आम्ल वाढते, ही गोष्ट शाकाहारी मंडळी सहसा विसरतात.

आणि डाळीचे काय? डाळी, वाटाणा, पालक यांत प्युरीन आहे, हे खरे. परंतु अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांवर 12 वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांत हा रोग अधिक आढळला. प्युरीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. कमी स्निग्धांशाचे दूध घेणाऱ्यांत तो उलट कमी होता. तेव्हा आमटी-भात आणि वर वाटीभर ताक, हे आपले जेवण या रोगाचे शत्रू नव्हे. ज्या घरात डाळ हेच मुख्य प्रथिन, तेथे ती बंद करणे म्हणजे रोग्याला दुबळे करणे होय.

तसाच कडकडीत उपवासही हितकर नाही. लंघनाने यूरिक आम्लाचा निचरा मंदावतो आणि झटका येऊ शकतो. वजन उतरवावे, पण हळूहळू. पाणी भरपूर प्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून प्यावे.

आता पथ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कसोशीने पाळलेल्या पथ्याने आम्ल साधारण एखाद्या मिलिग्रॅमने उतरते. ज्याचे प्रमाण 9 आहे, त्याला 6 च्या खाली यायचे तर बहुधा औषध लागतेच. ॲलोप्युरिनॉल हे औषध 1966 पासून वापरात आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखणे थांबल्यावरही चालू ठेवावे लागते. नुसत्या पथ्यावर विसंबून वर्षे घालवली, तर सांध्यांत गाठी होतात आणि हाडे झिजतात. उलट, केवळ तपासणीत आकडा वाढलेला दिसला, सांधा कधी दुखलाच नाही, तर तेवढ्याने गाउट झाला असे होत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की घरातल्या रोग्याला 'तुझ्या खाण्यानेच झाले' असे म्हणू नका. त्याच्या पुढचा पेला काढा, पण वाटीतली डाळ राहू द्या. आणि त्याची गोळी रोज आठवणीने द्या.