सीताफळाच्या पेशीपासून कुष्ठरोगाच्या लसीपर्यंत

(विज्ञान दिनानिमित्त धाराशिव येथे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळ कोणी मुद्दाम लावत नाही. ते आपले आपण उगवते. या सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून एका महाराष्ट्रकन्येने १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. पदवी घेतली. पुढे तिच्याच प्रयोगशाळेतील कार्यातून कुष्ठरोगावरील लसीचा मार्ग निघाला. त्या म्हणजे पद्मभूषण डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कन्येने वैद्यक शिकावे अशी त्यांची इच्छा; पण हुजूरपागेतून बाहेर पडलेल्या कमलताईंनी जीवशास्त्रच निवडले. १९३९ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र त्या शिकल्या. तेथे न रमता त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये हॅन्सेन यांनी शोधला. परंतु तो कृत्रिम माध्यमात वाढविणे आजतागायत कोणाला साधलेले नाही. १९५८ मध्ये डॉ. रणदिवे, डॉ. बापट व डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. हाच कुष्ठरोगाचा जंतू, असे प्रारंभी वाटले. पुढे तो वेगळा, पण त्याच्याच गोत्रातला असल्याचे दिसून आले.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही! कुष्ठजंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांना रोग होतच नाही. कारण रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात व रोखतात. काहींच्या शरीराला मात्र ही ओळखच पटत नाही आणि जंतू कोट्यवधींनी वाढतात. औषध जंतूंना मारते, पण हरवलेली ओळख परत आणून देत नाही. ती एखाद्या निरुपद्रवी भाऊबंदाकडून पटवून देता येईल काय? त्याच मुंबईतील संस्थेत डॉ. माधव गजानन देव व सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. आयसीआरसी जंतू गॅमा किरणांनी निष्प्रभ करून त्यांनी लस सिद्ध केली. जंतूंनी भरलेल्या रुग्णांपैकीही अनेकांच्या शरीरात या लसीनंतर प्रतिकाराची चिन्हे दिसली.

नंतर दक्षिण भारतात सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लसींची तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, तर एकट्या बीसीजीने ३४.१ टक्के. तरीही ही लस घरोघरी पोहोचली नाही. बहुविध औषधोपचारांमुळे रुग्णसंख्या झपाट्याने घटली होती आणि लसीची निकड मागे पडली.

संशोधकाचे मोठेपण केवळ अखेरच्या यशावर मोजू नये. जंतू, तंत्र, प्रयोगशाळा आणि पुढची पिढी, असा वारसा कमलताईंनी मागे ठेवला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. निवृत्तीनंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रहो, २००५ अखेर देशाने कुष्ठरोग दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठले. तथापि जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच आढळतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद कायद्यातून जायला २०१९ साल उजाडले. समाजाच्या मनातून ती गेली आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. घरात, शेजारी कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो झाकू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो. आणि आपल्या लेकीने प्रयोगशाळेची वाट धरली, तर ‘यातून मिळणार काय?’ असे विचारून तिला अडवू नका.