‘नवीन पोपट’ कुठून आला?

आखाडा बाळापूरहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

लग्नसराई सुरू झाली. कुठलीही वरात निघू द्या, बँडवाल्यानं चार नवी गाणी वाजवली की पाचवं ठरलेलं असतं, आनंद शिंदेंचं ‘नवीन पोपट’. ते लागलं की कडेला उभी म्हातारीसुद्धा पदर खोचते.

हे गाणं सिनेमातलं नाही. ते १९८० नंतरच्या कॅसेटच्या काळातलं आहे आणि लिहिलं मानवेल गायकवाडांनी. त्याआधी गाण्याची तबकडी म्हणजे पैसेवाल्याच्या घरची वस्तू. कॅसेट स्वस्त होती, बाजाराच्या पिशवीत घालून आणता यायची, एकीवरून दुसरी भरून घेता यायची. रेडिओवर लागो न लागो, रसवंतीवाला लावायचा, हॉटेलवाला लावायचा, टेम्पोवाला तर लावायचाच. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, हे चाळिशीपुढच्या बायांना आठवत असेल.

गाणं टिकलं कशानं? एक तर ठेका असा की बँड, हलगी, डीजे, कशावरही बसतो. दुसरं म्हणजे बोली. त्यात ‘जेव्हा’ नाही, ‘जवा’ आहे, आपण घरी बोलतो तसं. आणि त्यातला चावटपणा सगळ्यांना कळतो, पण कुणाला कळल्यासारखं दाखवावं लागत नाही! ग्रामसभेत बाई पहिल्यांदा बोलायला उठली की मागून कुणीतरी ‘नवीन पोपट’ म्हणतंच. म्हणू द्या. आपण आपलं पाण्याचं बोलून घ्यायचं.

आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव. प्रल्हाददादा मूळचे मंगळवेढ्याकडचे. पंढरीच्या वाटेचं त्यांचं गाणं आषाढीला देवळाच्या भोंग्यावर अजून लागतं. मंगळवेढं म्हणजे चोखोबांचं गाव. तिथून चोखोबांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या त्या आपल्या नर्सीच्या नामदेवांनी, असं सांगतात. तेव्हा हे घर आपल्याला फार लांबचं नाही. आता नातू आदर्श शिंदे गातात, म्हणजे तिसरी पिढी.

याच घरानं बाबासाहेबांची गाणीही जन्मभर गायली. पण गावात बघा कसं होतं. प्रल्हाददादांचा विठ्ठल देवळात चालतो, आनंद शिंदेंचा पोपट प्रत्येकाच्या वरातीत चालतो, आणि त्यांचीच भीमगीतं मात्र एका वस्तीत वाजतात. वाजली की काही घरांची दारं लागतात. गळा तोच आहे ना?

आमच्या एका गटाच्या बैठकीत हे निघालं, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. एकजण बांगड्याच फिरवत बसली. मग वस्तीवरची आमची एक सभासद म्हणाली, “पोरीच्या हळदीला तुम्ही आमच्यासंगं नाचल्या. जयंतीला का येत नाही? या की, चहा ठेवते.” सासू काय म्हणेल, हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं. त्या वर्षी तिघी गेल्या. एकीला घरी दोन दिवस बोलणी बसली, तरी ती पुढच्या वर्षी सुनेला घेऊन आली.

यंदा १४ एप्रिलला त्या गटाची बैठक तिच्याच दारात आहे, दुपारी चारला. हप्त्याचे पैसे आणि पासबुक तिथंच घेऊन या.